दुसरी वेलांटी

रात्री दोन चाळीसला सर्व्हरने मला कळवलं,
क्षमस्व, आपल्याला प्रवेश नाही.
इतकं नम्र मराठी
मीच लिहिलं होतं, परक्यांसाठी.

तीन बाराला पुनवेची भरती होती.
दिवाडीच्या बांधात अकरा मानशी,
प्रत्येकीच्या फळीला करवंटीत बसवलेलं आपलं एकेक यंत्र,
फळी कुजली, खारं पाणी आत झिरपलं
की कुळांच्या खिशात किणकिणणारं.
चाव्या सगळ्या तुझ्याकडे, दामियांव.
संध्याकाळपर्यंत दोघांकडे होत्या.

तीन बाराला पाणी आलं.
फळ्या पाण्यानेच रेटल्या आणि मिटल्या.
तुला विचारलं नाही, मलाही नाही.

सात वर्षांपूर्वी तुमच्या बाल्कांवात
पहिली ओळ लिहिली. तू म्हणतोस तू. मी म्हणते मी.
कीबोर्ड तुझ्या मांडीवर होता
आणि वाक्य माझ्या तोंडात,
आणि तुझी आई पेजेची वाटी ठेवून म्हणाली होती,
आदीं जेवात, दर्या खंयच वचना.

तुला तेव्हा देवनागरी येत नव्हती.
कोकणी तू रोमीत लिहायचास,
चर्चच्या पत्रकासारखी, तिरपी.
कोडच्या वर टिपा लिहिता लिहिता
मी तुला वेलांटी शिकवली,
पहिली आणि दुसरी.
तू भरतीला पहिली दिलीस आणि विचारलंस,
एवढ्याने पाणी कमी येईल का?

परवाना आपण गावकारीच्या जुन्या नेमांवरून बेतला:
कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं,
वरच्याने खालच्याचं अडवू नये.
त्यात संस्थापक हा शब्द नव्हता.
तो पणजीहून आला,
अनुदानाच्या अर्जातल्या एका चौकटीतून,
जिच्यात एकच नाव मावत होतं.

मग तू मानस हे नाव नोंदवून घेतलंस.
रायबंदरला वकिलाच्या खोलीत
तुझी सही बघताना
मला तिची लांब शेपटी आवडली.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या आठवड्यात मी नक्कल उतरवली.
कायद्याने. आपल्याच कायद्याने.
तिला खाजन म्हटलं.
पंधरवड्यात बेट वाटून झालं:
सहा मानशी माझ्याकडे, चार तुझ्याकडे,
एक कुष्टाची.

कुष्टाला दोघांचे निरोप जात,
दोन मिनिटांच्या अंतराने, एकाच पाण्याचे.
तो बांधाला चिखल थापत होता.
मी विचारलं, तू कुणाचं मानतोस?
त्याने कुर्ल्यांकडे बोट केलं,
त्या दगडावर चढत होत्या.
मग हात धूत म्हणाला,
बाये, मानशीक केन्ना कुलूप पळयलां तुवें?

मला पटलं नाही. कुर्ल्या लिहून ठेवत नाहीत.

अवसेला, कधी नव्हे एवढी ओहोटी लागली तेव्हा,
चूक सापडली.
बाल्कांवातल्या पहिल्या रात्रीची,
दोन्ही प्रतींत जशीच्या तशी:
पाणी शून्याच्या खाली गेलं
की आपला कोड समजायचा, काठोकाठ भरलं.
बेटभर फोन वाजले. पात्रात नुसता चिखल होता,
आणि त्यात बगळे.

मी घाईघाईने दुरुस्त केलं, वर टीप लिहिली,
शून्याखाली गेलं की ओहोटि धर.
तुलाही पाठवलं, नावाशिवाय.
नाव दिसलं असतं तर तू उघडलं नसतंस.

उत्तर आलं नाही.

सकाळच्या फेरीबोटीवर, मासळीच्या टोपल्यांशेजारी,
मी तुझी प्रत उघडली.
ओळ तिथे होती.
कुणी दिली, कुठून आली, एक अक्षर नाही.
राग आला. फोन खाडीत टाकावासा वाटण्याइतका.
मग नीट पाहिलं,
ओहोटीची पहिली वेलांटी खोडून
तू दुसरी दिली होतीस.